आरएक्स १००ची किल्ली अडकते: लॉक बदलण्याआधी

आधी प्रश्न थोडक्यात. कळव्याच्या एका गृहस्थांकडे वडिलांची १९९२ सालची यामाहा आरएक्स १०० आहे. गेल्या पावसाळ्यापासून इग्निशनची किल्ली आत पूर्ण जाते, पण फिरत नाही. चार वेळा हलवायची, केसभर बाहेर ओढायची, मग एकदाची फिरते. कधी गाडी बंद होते, पण किल्ली बाहेर यायला तयार नसते. त्यांनी शिवणयंत्राचं तेल सोडून पाहिलं. आठवडाभर बरं चाललं, आता पहिल्यापेक्षा जड झालंय. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, अख्खा लॉक सेट बदला, कटकट मिटेल. त्यांना वडिलांच्या हातची किल्ली आणि मूळ लॉक ठेवायचं आहे. काय करावं?

तेल घालणं आजपासून बंद. बाकीचं सांगतो.

मी ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पंचवीस वर्षं फिटर होतो आणि तेव्हापासून घरच्या पार्किंगमध्ये जुन्या दुचाकी उघडून बसतो. आरएक्स, येझदी, बुलेट, एक-दोन राजदूत. (यांना विंटेज म्हणावं का, यावर आमच्याकडे चहावर भांडणं होतात. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं झाल्याशिवाय गाडी कागदावर विंटेज होत नाही. आरएक्स आली १९८५ला आणि बंद झाली १९९६ला, म्हणजे अगदी पहिल्या गाडीलाही २०३५पर्यंत थांबावं लागणार. लॉकला मात्र हे कुणी सांगितलेलं नसतं. ते तिसाव्या वर्षीच म्हातारं होतं.)

तुमच्या प्रश्नात निदान करायला पुरेल एवढी माहिती तुम्हीच दिली आहे. ‘केसभर बाहेर ओढली की फिरते’ हे वाक्य वाचल्यावर माझं अर्धं काम झालं. ते का, हे समजायला आतली रचना डोळ्यासमोर आणा. लॉकच्या मधोमध एक गोल दांडा फिरतो, तो बॅरल. बॅरलला आडव्या फटी असतात आणि प्रत्येक फटीत पितळेची एक पातळ पत्ती. पत्तीला मध्ये चौकोनी खिडकी, बाजूला दाढीच्या केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. किल्ली त्या खिडक्यांमधून आरपार जाते. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंगच्या जोराने पत्त्यांची डोकी बॅरलच्या बाहेर येतात, बाहेरच्या हाउसिंगच्या खाचेत बसतात आणि बॅरलला फिरू देत नाहीत. बरोबर किल्ली गेली की तिचे चढउतार प्रत्येक पत्तीला नेमक्या उंचीवर आणतात. सगळ्या पत्त्या एकाच वेळी बॅरलच्या अंगाशी सपाट झाल्या की बॅरल सुटतं.

आता तीस-बत्तीस वर्षं दिवसातून चार-सहा वेळा आत-बाहेर केलेली किल्ली घ्या. तिच्या टेकड्या झिजून गोल झालेल्या असतात. पत्तीला हवी तेवढी उंची मिळत नाही, तिचं डोकं किंचित बाहेर राहतं आणि खाचेला अडतं. किल्ली थोडी मागे ओढली की त्याच पत्तीखाली शेजारच्या उताराचा जरा जाड भाग येतो, पत्ती सरकते आणि लॉक फिरतं. नुसत्या घाणीने अडकलेलं लॉक असं वागत नाही. ते कधी पहिल्याच फटक्यात फिरतं, कधी काहीही करा, फिरत नाही. ठरावीक जागी ओढल्यावर हमखास फिरत असेल, तर किल्ली झिजली आहे.

म्हणून पहिलं काम गाडीजवळ करायचंच नाही. घरात दुसरी किल्ली शोधा. गाडी घेतली तेव्हा दोन मिळाल्या असणार. एक रोज वापरली गेली, दुसरी आरसीबुकच्या जुन्या पिशवीत, देवघराच्या खणात किंवा आईच्या शिवणाच्या डब्यात पडून असते. माझ्याकडे आलेल्या अशा बऱ्याच गाड्या दुसरी किल्ली सापडल्यावर तिथेच बऱ्या झाल्या. सापडली तर दोन्ही किल्ल्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. कुठली टेकडी बसली आहे ते नुसत्या डोळ्यांना दिसेल.

दुसरी परीक्षा पेट्रोलच्या टाकीची. लॉकचा सेट मूळचाच असेल तर टाकीचं झाकण याच किल्लीने उघडतं. तिथेही कुरकुर करत असेल तर दोष किल्लीत. तिथे लोण्यासारखी फिरत असेल तर इग्निशनच्या बॅरलकडे बघायचं. टाकीचं लॉक त्या मानाने कमी वापरलेलं असतं, त्यामुळे ही परीक्षा शंभर टक्के नाही, पण दिशा कळते.

दुसरी किल्ली नसेल तर चावीवाल्याकडे जाताना एक चूक टाळा. झिजलेली किल्ली देऊन ‘हिची कॉपी काढ’ म्हणू नका. मशीन झिजेचीही इमानदारीत नक्कल करतं. वर कॉपी करताना थोडी चूक पडते ती वेगळी. कॉपीची कॉपी, तिची कॉपी, असं तिसऱ्या पिढीला गेलेलं प्रकरण मी कोपरीच्या एका गाडीत पाहिलं आहे. त्या माणसाच्या खिशात तीन किल्ल्या होत्या आणि सकाळी कुठली चालेल हे तो नशिबावर सोडायचा. मूळ किल्लीवर नंबर कोरलेला असेल तर तो आधी वहीत लिहून ठेवा, त्यावरून मूळ मापाने किल्ली कापणारा कारागीर मिळू शकतो. नसेल तर उत्तम उपाय म्हणजे बॅरल बाहेर काढून चावीवाल्याच्या हातात देणं. तो कोरी किल्ली बॅरलमध्ये घालून, एकेक पत्ती सपाट होईपर्यंत कानशीने उतरवत नेतो. असं काम करणारे जुने हात ठाण्यात अजून आहेत. स्टेशनच्या बाहेर, जांभळी नाक्याच्या बाजूला विचारत फिरा. ज्याच्या पेटीत मशीनपेक्षा कानशी जास्त दिसतील तिथे थांबा.

आता तुमची दुसरी तक्रार, किल्ली बाहेर न येण्याची. हा वेगळा दोष आहे आणि इथे तुमचं तेल गुन्हेगार असण्याची शक्यता मोठी. किल्ली फक्त बंदच्या जागीच बाहेर येते, कारण तिथेच पत्त्यांसमोर खाच असते आणि त्यांना डोकं बाहेर काढायला जागा मिळते. बॅरल बंदच्या जागेपासून जरा जरी अलीकडे थांबलं, तरी पत्त्यांसमोर सपाट भिंत येते आणि त्या किल्लीला धरून ठेवतात. बॅरल अलीकडे थांबतं ते बहुतेक वेळा खालच्या स्विचमुळे, म्हणजे लॉकच्या बुडाशी वीज जोडणारा-तोडणारा जो भाग बॅरलबरोबर फिरतो त्याच्यामुळे. आरएक्सचं लॉक उभं बसतं. वरून घातलेलं तेल रस्त्याची धूळ, पितळेची झीज आणि पावसाचं पाणी घेऊन खाली स्विचच्या तबकडीवर उतरतं. तिथे कंपनीने भरलेलं जुनं ग्रीस आधीच घट्ट झालेलं असतं. दोन्ही मिळून जो चिकटा होतो, तो थंडीत ठेवलेल्या काकवीसारखा.

आपल्याकडे त्यात खाडीची भर. कळवा, कोपरी, ऐरोली, वाशी, कुठेही उघड्यावर गाडी लावा, हवेत ओल आणि खार आहेच. लॉकचं तोंड आकाशाकडे, वर झाकण नाही. जून ते सप्टेंबर ते फुलपात्रासारखं भरत राहतं. आणि सर्व्हिसिंगला प्रेशरचा पाइप मारतात तेव्हा लॉकवर आणि मीटरवर कुणी हात ठेवत नाही. मी तिथे उभा राहून प्लास्टिकची पिशवी बांधून घेतो. पोरं हसतात, हसू देत.

वंगणाबद्दल लोक धर्मयुद्ध करतात, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. शिवणयंत्राचं तेल, इंजिन ऑइल, खोबरेल (हो, खोबरेलही पाहिलं आहे, हिवाळ्यात गोठलेलं) यांपैकी काही नको. डब्ल्यूडी-४० वाईट नाही, पण ते काय आहे हे लक्षात घ्या. १९५३ साली अमेरिकेत ते पाणी हटवणारं द्रव म्हणून तयार झालं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०. पाणी काढायला, चिकटा सैल करायला छान. कायमचं वंगण म्हणून भरवसा ठेवू नका. ग्राफाइटची पूड कोरडी असते, धूळ धरत नाही, म्हणून घराच्या कुलपांना मी तीच वापरतो. इग्निशनला मात्र नाही. एक तर ग्राफाइटमधून वीज वाहते आणि उभ्या लॉकमध्ये ती पूड सरळ विजेच्या टोकांवर पडते. दुसरं म्हणजे लॉकचं अंग मझाकचं, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं. खाऱ्या ओलीत जस्त आणि ग्राफाइट शेजारी आले की जस्त खाल्लं जातं. पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत चालून जाईलही, खाडीकाठी नको. आपल्याला हवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे. उडाल्यावर मागे पांढरट थर ठेवतो, त्यातून वीज जात नाही, धूळ चिकटत नाही.

पण आधी सफाई, आणि सफाई गाडीवर करू नका. वरून क्लीनर मारलात तर सगळी घाण खाली स्विचमध्येच जाणार, जिथून ती काढायची आहे. लॉक उतरवा. आधी साइड कव्हर काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मग हेडलाइट उघडा, लॉकच्या वायरींचा कपलर (जोडणारा प्लग) त्याच्या डब्यात असतो. ओढायच्या आधी मोबाइलवर दोन फोटो काढा. लॉकचे बोल्ट खालच्या बाजूने असतात, हात वाकडा करून पान्हा बसवावा लागतो. तीस वर्षं न हललेले असतील तर आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारं द्रव सोडा, तिथे डब्ल्यूडी-४० कामाला येईल.

लॉक हातात आलं की तोंड खाली करून धरा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी किल्लीच्या फटीत घालून मारा. पहिल्यांदा काळं पाणी येईल, नंतर चहासारखं, मग स्वच्छ. मध्ये मध्ये किल्ली आत-बाहेर करा आणि दर वेळी फडक्याला पुसा. फडक्यावरचा डाग बघा: काळा म्हणजे तेलाची घाण, चकचकीत सोनेरी कण म्हणजे पितळ झिजतंय, हिरवट म्हणजे तांब्या-पितळेला चढलेला कळंक. खिडकी उघडी ठेवा, बिडी-उदबत्ती लांब. आणि क्लीनर ओला असताना बॅटरी जोडून किल्ली फिरवू नका, आतल्या टोकांवर ठिणगी पडते.

आता खालचा स्विच. बुडाची तबकडी बारीक स्क्रूंवर किंवा दुमडलेल्या कानांवर बसवलेली असते. उघडायच्या आधी खाली पांढरी चादर अंथरा. हे मी गमतीने सांगत नाही. आत स्प्रिंगवर टेकलेली पोलादाची एक गोळी असते, मोहरीपेक्षा थोडी मोठी. किल्ली फिरवताना ‘टक्’ असा जो ठेका बोटांना लागतो तो तिचा. तबकडी सैल झाली की ती उडते. माझी पहिली गोळी उडाली तेव्हा मी आणि बायको अर्धा तास फरशीवर टॉर्च घेऊन रांगत होतो. शेवटी सापडली दाराबाहेरच्या चपलेत. तेव्हापासून पांढरी चादर, आणि लॉकभोवती हाताची ओंजळ.

तबकडीवर तांब्या-पितळेची टोकं दिसतील, त्यांच्यावर तपकिरी वाळलेलं ग्रीस आणि कडांना हिरवा थर. ग्रीस लाकडी काडीने खरवडा, क्लीनरने धुवा. टोकं काळी पडली असतील तर शाळेच्या खोडरबरने घासा. फारच झालं तर हजार नंबरचा पॉलिश पेपर, तोही दोन हात. प्लास्टिक एका बाजूला वितळून वाकलेलं दिसलं तर समजा की कधीतरी खराब टोकांमुळे तिथे गरमी झाली आहे. ती तबकडी बदलावी लागेल, घासून उपयोग नाही. गोळीच्या खड्ड्याला टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं ग्रीस, टोकांना सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात, बाकी कोरडं.

जोडल्यावर मल्टीमीटर लावा, दोन वायरी आतून जोडलेल्या असल्या की वाजतो त्या खुणेवर. यामाहाच्या पद्धतीत लाल वायर बॅटरीची, तपकिरी म्हणजे किल्लीनंतरचा सप्लाय, काळी अर्थ आणि काळ्यावर पांढरी रेघ असलेली सीडीआयची, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. येझदी किंवा पॉइंटवाली जुनी बुलेट किल्लीने बंद करता तेव्हा कॉइलचा सप्लाय तुटतो. आरएक्समध्ये उलटं आहे. इंजिनाला ठिणगी मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागातून मिळते, बॅटरीशी तिचं देणंघेणं नाही. किल्ली बंद करता तेव्हा पांढऱ्या रेघेची वायर अर्थला जोडली जाते आणि ठिणगी मरते. म्हणजे बंद असताना काळी आणि रेघवाली यांच्यात मीटर वाजला पाहिजे, चालू केल्यावर वाजता कामा नये, आणि लाल-तपकिरी वाजली पाहिजेत. किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहतं ही आरएक्सची प्रसिद्ध भुताटकी, तिचं मूळ बहुधा याच तबकडीवर किंवा तुटलेल्या रेघवाल्या वायरीत सापडतं.

बॅटरी जोडून आणखी एक माप घ्या. किल्ली चालू, मीटर व्होल्टवर, एक टोक लालला, दुसरं तपकिरीला, आणि कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर स्विच साफ झाला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर परत उघडा. हेडलाइट लावून हे माप घेऊ नका, आरएक्सची हेडलाइट मॅग्नेटोवर जळते.

स्विच साफ, किल्ली नवी, तरीही अडतंय, असं झालं तरच बॅरल उघडायचं. पत्त्या बाहेर काढाल तर कागदावर टेप लावून त्याच क्रमाने चिकटवा. प्रत्येकीची खिडकी वेगळ्या उंचीवर असते, क्रम चुकला तर लॉक कुठल्याच किल्लीला ऐकणार नाही. बॅरलमध्ये नवी किल्ली घालून त्यावरून नख फिरवा. जी पत्ती नखाला लागते ती दोषी. कधी तिची स्प्रिंग तुटलेली असते, कधी कडेला बर (धातूची उठलेली धार) आलेला असतो, तो बारीक कानशीच्या एका हाताने जातो. पत्ती पिसाएवढी वर राहत असेल तर किल्ली आत ठेवूनच तेवढी घासून सपाट करता येते. फार बिघडलेली एखादी पत्ती काढून टाकली तरी लॉक चालतं. चोरट्याला ते तेवढं सोपं होतं, आणि आरएक्सवर चोरांचा किती जीव असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून एकीच्या पुढे मी जात नाही.

सेट बदलावा कधी? हाउसिंगची खाच खाल्ली गेली असेल, मझाक फुगून पांढरा भुगा सुटत असेल, किंवा कुठलीही किल्ली, अगदी स्क्रू ड्रायव्हरही घातला तरी लॉक फिरत असेल, तर बदला. बाजारातल्या नव्या सेटमध्ये पत्त्या मऊ पत्र्याच्या निघू शकतात आणि कपलर बसला तरी वायरींचा क्रम जुळेल याची खात्री नसते, म्हणून वर सांगितलेली मीटरची परीक्षा जोडण्याआधी नव्यावरही करा. आणि जुना सेट भंगारवाल्याला देऊ नका. त्यातली पत्ती, स्प्रिंग, गोळी पुढे कधी ना कधी लागतेच, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालाच्या ढिगात त्यासाठी दिवस घालवावा लागतो.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवणारच असाल तर दोन गोष्टी. किल्लीला जोर देऊ नका, झिजलेलं पितळ मानेशी तुटतं. माझी स्वतःची ऐरोलीच्या पुलाच्या चढावर तुटली होती, तीही तेल घालूनच. तुटलीच तर फेव्हिक्विक लावून तुकडा ओढायच्या भानगडीत पडू नका, गोंद पत्त्यांत उतरला की लॉक संपलं. तुकडा चालूच्या जागी असेल तर पातळ स्क्रू ड्रायव्हरने आधी बंदच्या जागी आणा, मग सोनाराच्या करवतीचं बारीक पातं, दात वरच्या बाजूला ठेवून, किल्लीच्या खाचेत अडकवा आणि हळूच ओढा. आणि किल्ली न फिरल्याने इंजिनच बंद होत नसेल तर घाबरू नका: ब्रेक घट्ट धरून, वरच्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा, इंजिन गचका देऊन बंद पडेल. पेट्रोलचा कॉक बंद करूनही थांबतं, पण कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत वाट बघावी लागते.

आणि किल्लीला जो जुडगा लटकतो आहे, त्यातून घराच्या, ऑफिसच्या, कपाटाच्या किल्ल्या काढा. गाडी धावताना ते वजन डुलत राहतं आणि बॅरलचं तोंड एका बाजूने खात राहतं. नवी किल्ली एकटी ठेवा, आणि जुनी, वडिलांच्या हातची, आता वापरू नका. ती त्या आरसीबुकच्या पिशवीत जाऊ दे.